कांद्याच्या सालीतली ईस्टरची अंडी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला की नाशिकमधल्या काही ख्रिस्ती घरांत कांद्याची साल केरात जात नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवलेल्या पिशवीत ती साठत राहते. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी दुपारी ती पिशवी पातेल्यात रिकामी होते आणि त्या तांबूस पाण्यात अंडी उकळू लागतात. शरणपूर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प या तिन्ही ठिकाणी मी हे पाहिले आहे. पातेले गॅसवर चढण्याआधी दर वर्षी एक वादही ऐकला आहे: अंडी गावरान आणायची की पांढरी? त्या वादाकडे येतोच, आधी थोडे मागचे.

ईस्टरला, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला, अंडेच का, याचे उत्तर उपवासात आहे. ६९२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने उपवासकाळात अंडी आणि चीजही वर्ज्य ठरवले. पश्चिमेकडेही पुढे कित्येक शतके असाच नियम चालला. कोंबड्यांना मात्र उपवास नसतो, उलट वसंतात दिवस मोठा होतो तशी त्यांची अंडी वाढतात. ती साठत, उकडून ठेवली जात आणि सणाच्या सकाळी वाटली जात. १२९० सालच्या इंग्लंडच्या राजवाड्याच्या हिशेबात ४५० अंडी रंगवून, वर्ख लावून वाटण्यासाठी १८ पेन्स खर्ची पडले आहेत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात तर ईस्टरच्या अंड्यांवर म्हणायची वेगळी प्रार्थनाच आहे. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी लाल रंग धरला, तो ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून.

‘ईस्टर’ हे नाव बाबिलोनच्या इश्तार देवीवरून आले आणि अंडी तिचीच, असा संदेश दर वर्षी मोबाइलवर फिरतो. तो चूक आहे. ७२५ च्या सुमाराच्या एका ग्रंथात एका इंग्रज संन्याशाने ईस्टरच्या महिन्याचे जुने इंग्रजी नाव ईओस्त्रे नावाच्या देवीवरून पडल्याचे लिहिले आहे, पण त्यात अंड्याचा शब्दही नाही. शिवाय युरोपातल्या बऱ्याच भाषांत या सणाला पास्खावरून, म्हणजे यहुद्यांच्या सणावरून, आलेलेच नाव आहे. आपल्या मराठी बायबलातला ‘वल्हांडण’ तोच. कवच म्हणजे कबरीवरचा धोंडा आणि आतून नवे जीवन, हा अर्थ मुलांना जरूर सांगावा, तो सुंदर आहे. पण चालीचे मूळ त्यात शोधू नये. मूळ आहे ते रिकाम्या पोटात आणि भरलेल्या टोपलीत.

नाशिकमध्ये ही चाल मिशनबरोबर आली असे धरून चालतात. मला ते पटत नाही. शरणपूरची वसाहत १८५० च्या दशकातली. पुढे आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलेही तिथे राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. ते मिशन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे होते, पण साध्या, उपदेशावर भर देणाऱ्या वळणाचे. नगरकडून नाशिकला आलेल्या अनेक मराठी कुटुंबांची परंपरा अमेरिकन मिशनची. त्या परंपरेत लेंट नव्हताच आणि खुद्द ईस्टरलाही तिने फार काळ दूर ठेवले होते. जिथे अंड्याचा उपवास नाही, तिथे अंड्याने उपवास सोडण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या आजीच्या आठवणीत ईस्टर म्हणजे काळोखात उठून कबरस्थानात जाणे, फुले वाहणे, पहाटेची उपासना आणि घरी आल्यावर मटण. अंडी त्यात कुठेच नव्हती.

अंडी आली ती नोकऱ्यांबरोबर. देवळालीची छावणी आधीपासून होती. नाशिक रोडचे छापखाने १९२० च्या दशकात उभे राहिले. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ चा, आणि त्याच सुमारास सातपूरची औद्योगिक वसाहत वाढू लागली. गोवेकर, मंगळुरी आणि केरळी कुटुंबे या कामांमागे आली. केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत पन्नास दिवस मांस, मासे, दूध, अंडी काहीही न खाणारी माणसे आजही आहेत. आमच्या शेजारच्या काकू त्यातल्याच. त्यांच्याकडे अंडी रंगवत नसत. पण रविवारी सकाळी उपासनेहून परतल्यावर अप्पमबरोबर अंड्याचा रस्सा वाढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे, ते पाहिल्यावर १२९० च्या हिशेबवहीचा अर्थ मला समजला. रंगवलेले अंडे मी पहिल्यांदा पाहिले ते देवळाली कॅम्पमध्ये एका अँग्लो-इंडियन घरात, १९८० च्या आसपास. पारशी-इराणी घरांत २१ मार्चच्या नवरोजच्या टेबलावरही रंगीत अंडी मांडतात आणि देवळालीत त्यांचीही जुनी वस्ती आहे. त्यामुळे तिथल्या मुलांना महिन्याभरात दोनदा रंगीत अंडी दिसत.

आता गावरानाचा वाद. त्या काळापर्यंत नाशिकच्या बाजारात अंडी म्हणजे खेड्यांतून आलेल्या बायकांच्या टोपलीतली अंडी, भुशात ठेवलेली, मलईच्या रंगापासून फिकट तपकिरीपर्यंत प्रत्येक वेगळे. मग पिंजऱ्यातल्या व्हाइट लेगहॉर्न कोंबड्यांची पांढरीशुभ्र अंडी तीस-तीसच्या ट्रेमधून येऊ लागली. १९८२ साली उत्पादकांनी देशभर एकत्र येऊन भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केल्यावर तर दुकानादुकानात तीच दिसू लागली. लोक त्यांना आधी ‘इंग्लिश अंडी’ म्हणत, नंतर ‘बॉयलर’ म्हणू लागले. हा शब्द सपशेल चुकीचा आहे. ब्रॉयलर कोंबडी मांसासाठी पाळतात, अंड्यासाठीची ती लेयर. पण शब्द रुळला आणि त्याच्या विरुद्ध टोकाला ‘गावरान’ जाऊन बसला.

आज गावरान म्हणताना माणसे तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. कुणाच्या मनात उकिरड्यावर चरणारी देशी कोंबडी असते. कुणाला परसात पाळलेली गिरिराज, वनराज किंवा ऱ्होड आयलंड रेड अशा जातीची कोंबडी चालते. आणि बहुतेकांना फक्त कवच तपकिरी हवे असते. कवचाचा रंग जातीवर ठरतो, चाऱ्यावर नाही. पिंजऱ्यात वाढलेली कोंबडीही तपकिरी अंडी घालू शकते. पोषणातही कवचाच्या रंगाने फरक पडत नाही. दर मात्र रंगावर ठरतो, म्हणून पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकल्याच्या बातम्या येत असतात. आपण सणाच्या आनंदासाठी जे घरात करतो, तेच कुणी फसवणुकीसाठी करावे याचे मला फार वाईट वाटते.

पण याच्याइतकाच अन्याय उलट बाजूनेही होतो. अंड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळा, रंग सुटला तर अंडे खोटे, अशी परीक्षा सर्रास सांगतात. एका वर्षी आईने आठवडे बाजारातून डझनभर गावरान अंडी आणली. रंग नीट बसावा म्हणून मी ती आधी व्हिनेगरच्या पाण्यात ठेवली. पाणी तपकिरी झाले, बोटाने पुसले तसे कवच पांढरे पडू लागले. पुढच्या बाजारी आईने त्या म्हाताऱ्या बाईला चार माणसांत बोल लावले. ती एवढेच म्हणाली, “कोंबडी माझ्या दारातली हाय, बाई.” कित्येक वर्षांनी मला कारण समजले. कोंबडी अंडे घालण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत तपकिरी रंगद्रव्य कवचावर चढते आणि त्याचा मोठा भाग अगदी बाहेरच्या थरात राहतो. आम्ल लागले की तो थर विरघळतो आणि अस्सल अंड्याचा रंगही पुसला जातो. म्हणजे ती परीक्षा खऱ्या-खोट्याचा निवाडा करूच शकत नाही. ती बाई खरे बोलत होती. तिची माफी मागायची राहून गेली.

रंगवण्यापुरते माझे मत स्पष्ट आहे. हळद, बीट, लाल कोबी यांचे फिके रंग हवे असतील तर पांढरी अंडी घ्यावीत, गावरान अंड्यावर ते मळकट दिसतात. कांद्याच्या सालीसाठी मात्र गावरानच. तो तांबडा-तपकिरी रंग फिकट तपकिरीवर असा खोल चढतो की वरून तेलाचे बोट फिरवल्यावर अंडे तांब्यासारखे चमकते. दहा-बारा कांद्यांची साल, चार कप पाणी, दोन चमचे व्हिनेगर. कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आम्लाने ते किंचित खरवडले जाते आणि रंग धरते. कोथिंबिरीचे किंवा मेथीचे पान अंड्यावर चिकटवून जुन्या सुती कापडात घट्ट बांधले तर पानाखालची जागा फिकी राहते आणि शिरांसकट ठसा उमटतो. मेणबत्तीने आधी रेघा ओढल्या तरी तेच होते. सालीला नाशिकमध्ये तोटा नाही. लासलगावच्या बाजारात तिचे ढीग वाऱ्याबरोबर फिरतात आणि उन्हाळ कांद्याची काढणीही ईस्टरच्याच दिवसांत येते. आठवडाभर जुनी अंडी घ्यावीत, ताज्यांचे कवच उकडल्यावर नीट सुटत नाही.

अलीकडे मार्झिपॅनची, म्हणजे बदामाची पूड आणि साखर मळून केलेल्या मिठाईची अंडी वाढली आहेत. बदामाऐवजी काजूची पूड, साच्यात दाबून वर आयसिंगची फुले, ही मुंबई-गोव्याकडची रीत. चॉकलेटची पोकळ अंडी इंग्लंडमध्ये १८७३ पासूनची, इथे ती मॉलमुळे आली. मार्झिपॅन वाढण्याचे एक कारण बोलायला जड जाते, पण ते खरे आहे. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे भाड्याने घर घेताना “अंडी-मटण चालणार नाही” ही अट ऐकलेली कुटुंबे मला माहीत आहेत. त्यांची मुले साच्यातले अंडे रंगवतात.

तारखांचेही एक आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो बरेचदा हनुमान जयंतीला लागूनच येतो. २०२२ मध्ये शनिवारी हनुमान जयंती होती आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. पंचवटीतल्या रथयात्रेची धामधूम तेव्हा नुकतीच संपलेली असते. २०२४ ला मात्र ईस्टर लवकर, ३१ मार्चला आला आणि आदल्याच दिवशी रंगपंचमी होती. रहाडींसाठी, म्हणजे नाशिकच्या रंगपंचमीच्या रंगीत पाण्याच्या जुन्या हौदांसाठी, पळसाची फुले उकळतात, तीच सुकी फुले मूठभर आणून त्या शनिवारी आम्ही वेगळ्या पातेल्यात टाकली. पांढऱ्या अंड्यांवर पिवळा-केशरी रंग आला, तुरटीची चिमूट घातल्यावर जरा जास्त उजळ. उकडलेली अंडी एप्रिलच्या उन्हात टिकत नाहीत, ती दुपारच्या आत संपवावी लागतात. म्हणून त्या वर्षी सहा अंडी सुईने भोक पाडून, फुंकून आधी रिकामी केली होती. आतल्या बलकाचा केक झाला. त्यातली चार कवचे अजून खिडकीत दोऱ्याला टांगलेली आहेत, पळसाचा रंग उन्हाने अर्धा उडाला आहे, कांद्याचा जसाच्या तसा आहे.