कात्रीला धार लावायला टाकण्याआधी, कोणत्या हाताने कापता ते सांगा
(डावखुऱ्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

"परवाच धार लावून नेली, तरी कापंनाच झालीय बघा." जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत ब्लाउज शिवायला बसलेल्या ताई-दादांकडून हे वाक्य आमच्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. काही वेळा चूक आमची असते, मग आम्ही पुन्हा धार लावून देतो आणि पैसे घेत नाही. पण बऱ्याचदा कात्रीत काहीच बिघाड नसतो, ती हाताला उलटी असते.

औशाकडच्या एक ताई एकच दहा इंची कात्री घेऊन तीनदा आल्या. तिन्ही वेळा आम्ही धार लावली आणि सुती अस्तराचा तुकडा टोकापर्यंत कापून दाखवला. चौथ्या खेपेला कात्री त्यांच्याकडे दिली आणि म्हटलं, आता तुम्ही कापा. त्यांनी ती डाव्या हातात धरली. पहिल्या दोन बोटांएवढं कापड कापलं गेलं आणि पुढचं पात्यांच्या मधे जाऊन मुडपलं. "मी डावरी हाय ना," त्या म्हणाल्या, "पण धारेला हात काय करतो?"

हात बरंच काही करतो. गाडीभाड्याचे चार फेरे झालेच, शिवाय दर वेळी धार लावताना पात्याचं लोखंड थोडं थोडं झिजतं. तीन धारा फुकट गेल्या म्हणजे त्या कात्रीचं तेवढं आयुष्य कमी झालं. हे आमच्याही मनाला लागलं, कारण हाताचं विचारायला आम्ही पहिल्याच दिवशी हवं होतं.

घरातली कुठलीही कात्री हातात घ्या. टोक समोर ठेवून कापायला धरतो तशी ती उघडा आणि वरचं पातं खिळ्याच्या कुठल्या अंगाला आहे ते पाहा. जवळजवळ सगळ्या कात्र्यांत ते उजव्या अंगाला दिसेल. आता कात्री पालथी करा. वरचं पातं आता दुसरं झालं, पण तेही उजव्याच अंगाला आहे. म्हणून "उलटी धरली की झालं" हे खरं नाही. कात्री कशीही फिरवा, उजव्या हाताची ती उजव्याचीच राहते. डाव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं डाव्या अंगाला असतं, आरशात दिसावं तसं.

कापताना आपण कड्या नुसत्या मिटत नाही. नकळत अंगठा आपली कडी बाहेर ढकलतो आणि बोटं आपली कडी तळहाताकडे ओढतात. उजव्या हातात या जोराने पाती एकमेकांना घासून चालतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती फाकवतो, मधे फट पडते आणि कापड त्यात दुमडतं. जाड कॅनव्हासवर हे थोडं झाकलं जातं, पण जॉर्जेट आणि अस्तरावर लगेच दिसतं. दुसरी अडचण खडूच्या रेघेची. डाव्या हाताने कापताना वरचं पातं नेमकं रेघेवर येतं, म्हणून माणूस मान वाकडी करून पलीकडून डोकावतो. दिवसभर कटिंग करणाऱ्याची मान आणि खांदा संध्याकाळी का भरून येतो, ते यावरून समजेल.

मग लोक खिळा कसतात. एवढं एक कृपा करून करू नका. खिळा कसला की पाती जबरदस्तीने जवळ येतात, एखादा दिवस कात्री कापते आणि मग पाती एकमेकांनाच खातात, धारेला बारीक खाचे पडतात. कात्री नीट कसलेली आहे का ते पाहायचं असेल तर एक कडी हातात धरा, दुसरी काटकोनात वर उचला आणि सोडा. ती थोडी मिटून मधेच थांबली तर ठीक. खाडकन पूर्ण मिटली तर सैल आहे, जागची हललीच नाही तर जास्त कसली आहे.

बंद कात्री उजेडासमोर धरली की पात्यांच्या मधे बारीक फट दिसते. ती पाहून "ठोकून सरळ करा" म्हणणारे बरेच भेटतात. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. पाती किंचित बाकदार असतात, म्हणून कापताना ती एका वेळी एकाच जागी टेकतात आणि ती जागा खिळ्यापासून टोकाकडे सरकत जाते. पाती ठोकून सपाट केली किंवा त्यांची आतली बाजू चाकावर घासली तर धार कितीही लावा, कात्री चावतच राहणार. याच कारणाने आम्ही धार बाहेरच्या उताराला लावतो आणि आतल्या बाजूची फक्त बुरी, म्हणजे धार लावताना कडेला उभं राहिलेलं कुसळासारखं लोखंड, दगडावर हलकेच काढतो. वेळ लागतो. सकाळी टाकलेली कात्री संध्याकाळी मिळते ती यामुळेच.

"पाती अदलाबदल करून डाव्या हाताची करून द्या" असंही लोक सांगतात. तसं होत नाही. पाती बदलली की आतली बाजू बाहेर येते आणि धारेचा उतार आत जातो. पैसे घेऊन आम्ही ते काम करणार नाही.

बाजारात "दोन्ही हातांना चालते" असं लिहिलेल्या कात्र्या मिळतात. त्यांच्या कड्या सारख्या असतात, त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडत नाही, एवढा फायदा खरा. पण पाती उजव्याचीच असतात. घेण्याआधी वरचं पातं कुठल्या अंगाला आहे ते पाहा, पाकिटावरच्या अक्षरांवर जाऊ नका.

डाव्या हाताच्या कात्र्या आमच्याकडे आहेत: टेलरिंगसाठी आठ आणि दहा इंची, मुलांसाठी बोथट टोकाची. केस कापायची आणि बागेतली छाटणीची मागवून देतो, त्यासाठी थोडे दिवस आधी सांगावं लागतं. किंमत उजव्या हाताच्या कात्रीपेक्षा जास्त पडते, कारण शंभरात साधारण दहाच माणसं डावखुरी आणि त्यामुळे माल कमी निघतो. स्वस्तातली डावी कात्री आम्ही ठेवत नाही. नरम लोखंडाच्या पात्याला धार चढते पण टिकत नाही, आणि रिव्हेट ठोकलेली कात्री सैल झाली की ती कसता येत नाही. चांगल्या पोलादाची, स्क्रूची कात्री वर्षानुवर्षं धार घेते. मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर गाड्यांच्या आणि रेल्वेच्या भंगारातल्या लोखंडापासून पाती घडवतात, आणि नीट वापरली तर ती पुन्हा पुन्हा धारेला येतात. महागाची कात्री घ्या असा आमचा आग्रह नाही, दोनदा घ्यावी लागू नये एवढंच पाहा.

नवीन डावी कात्री घेतलेले काहीजण दोन दिवसांत परत आणतात, "हीपण कापंना" म्हणत. वीस वर्षं उलटी कात्री वापरून अंगठा कडी आत ओढायला शिकलेला असतो. तो जोर नव्या कात्रीत पाती फाकवतो. म्हणून पहिले आठ दिवस गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावू नका. कात्रणांवर सराव करा, सुती आधी, जॉर्जेट नंतर. अंगठा सैल सोडा, रेघ पात्याच्या उजव्या बाजूने सरळ दिसते तिकडे बघा, मान वाकवू नका. पंधरा दिवसांत जमलं नाही तर कात्री परत घेऊ, पण कागद कापलेली घेणार नाही.

आई-वडिलांना एक सांगायचं आहे. "जेवतो उजव्यानेच, मग कात्रीपण उजव्याच हाताने धरेल" असं गृहीत धरू नका. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने बॅट धरायचा आणि सही डाव्या हाताने करतो. कामागणिक हात वेगळा असू शकतो. लेकराच्या समोर, मधोमध, कात्री आणि कागद ठेवा आणि ते स्वतः कुठला हात पुढे करतं ते पाहा. ताटात आणि प्रसादाला कुठला हात चालतो ते तुमच्या घरचं. पण वर्गात कागद वेडावाकडा कापला म्हणून त्या पोराला "धांदरट" म्हणू नका, त्याच्या हातातली कात्री त्याची नाही.

घरात दोन्ही हातांची माणसं असतील तर डाव्या कात्रीच्या कडीला लाल दोरा गुंडाळा. उजव्या हाताच्या माणसाने ती चार दिवस रेटली तर खिळा सैल होतो आणि मग आमच्याकडे यावं लागतं.

लातूर, गंजगोलाईच्या मागची गल्ली. निलंगा, अहमदपूर, उदगीरहून येणाऱ्यांनी बाराच्या आत कात्री टाकली तर त्याच दिवशी मिळते. येताना रोज शिवता त्या कापडाचा वीतभर तुकडा आणा, आणि आमच्यासमोर तुमच्या हाताने कापून दाखवा.