आमदार आणि कायदा (मुलांना सांगण्यासाठी, कोकणातल्या उदाहरणांसकट)

आमदार म्हणजे आपल्या मतदारसंघाने निवडून विधानसभेत पाठवलेला माणूस, बाई असो की पुरुष. महाराष्ट्राच्या विधानसभेत असे 288 जण बसतात, त्यातले रत्नागिरी जिल्ह्यातून 5 (दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर) आणि सिंधुदुर्गातून 3 (कणकवली, कुडाळ, सावंतवाडी). 18 वर्षं पूर्ण झालेल्यांनी मत द्यायचं, सगळ्यात जास्त मतं ज्याला तो आमदार, मुदत 5 वर्षं.

आमदार काय करतो असं विचारलं की पोरं सांगतात, रस्ता करतो, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) बांधून देतो, गणपतीत घरी येऊन जातो. तेही खरंच आहे, पण कायदे करणं हे त्याचं मूळ काम आणि नेमकं तेच पोरांना कुणी सांगत नाही. अजून एक गोष्ट आवर्जून सांगायची, ज्यांनी त्याला मत दिलं नाही त्यांचा पण आमदार तोच असतो, आणि ज्यांना अजून मतच नाही त्या शाळकरी पोरांचा पण.

कायद्याचा मसुदा म्हणजे विधेयक. बहुतेक वेळा ते मंत्री मांडतात, पण साधा आमदार पण मांडू शकतो, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. मग त्यावर चर्चा, एकेक कलम घेऊन दुरुस्त्या, कधी ते समितीकडे जातं, मग अध्यक्ष मताला टाकतात आणि सभागृहातले लोक मोठ्याने होय किंवा नाही म्हणतात, शंका आली तर मतं मोजतात. मग विधान परिषद (विधिमंडळाचं दुसरं सभागृह), मग राज्यपालांची सही, आणि राजपत्रात छापून आलं की झाला कायदा.

हे नुसतं वाचून पोरांच्या डोक्यात राहत नाही, म्हणून खोतीची गोष्ट सांगावी. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात गावचा शेतसारा सरकारच्या वतीने खोत वसूल करायचा, आणि जमीन कसणाऱ्या कुळाच्या हातात पिकातलं फार थोडं उरायचं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून वर्षानुवर्षं शेतं न कसता संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून आले आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी खोती बंद करायचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही! जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो 1949 मध्ये, म्हणजे पहिलं विधेयक मांडल्यावर 12 वर्षांनी, आणि मला वाटतं आमदाराने मागणी सभागृहात नेली तरी बाहेर लोकांना उभं राहावंच लागतं हे मुलांना यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून नाही कळत.

ठराव आणि कायदा यातला फरक महाडात दिसतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करावेत असा ठराव सी. के. बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कौन्सिलात (तेव्हाच्या प्रांताच्या कायदेमंडळात) मंजूर करून घेतला, महाड नगरपालिकेने पण तो स्वीकारला, तरी चवदार तळ्यावर लोकांना पाणी भरू देत नव्हते, शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. ठरावाने सभागृहाचं मत कळतं, पण तो मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही.

आता आमदार आणि खासदार. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्याच्या पलीकडे केंद्राच्या, म्हणजे एकाच समुद्राचा विषय अर्धा विधानसभेत आणि अर्धा लोकसभेत. राज्याचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा आहे, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती करून दंड बराच वाढवला. मालवणची पोरं हमखास विचारतात, कायदा आहे तर मोठे ट्रॉलर (जाळं ओढत मासे धरणाऱ्या यांत्रिक बोटी) आत येऊन मासे ओढून कसे नेतात? तर पकडणं आणि दंड लावणं हे मत्स्यव्यवसाय खात्याचं काम, आमदाराने स्वतः बोट घेऊन जायचं नसतं. पण खातं काय करतंय हे अधिवेशनात मंत्र्याला विचारायचा हक्क त्याला आहे, तारांकित प्रश्न टाकला तर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर तिथल्या तिथे उपप्रश्न पण विचारता येतात.