सृष्टिकथा आणि मानवी क्लोनिंग : आक्षेप नेमका कशाला?

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या घरोघरी गणेशजन्माची कथा निघते, आणि अलीकडे तिच्या पाठोपाठ एक विधान हटकून येते : पार्वतीने अंगच्या मळापासून गणपती घडवला, तेव्हा क्लोनिंग आपल्याकडे पूर्वापार होतेच. आदामाच्या बरगडीपासून झालेल्या हव्वेविषयीही हेच ऐकायला मिळते. दुसरीकडे तितक्याच ठामपणे सांगितले जाते, की माणसाचे क्लोनिंग म्हणजे देवाशी बरोबरी, म्हणून ते पाप. सृष्टी कोणी निर्माण केली आणि क्लोनिंग योग्य की अयोग्य, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या दोन्ही विधानांत विसरले जाते.

कथांचा मुद्दा चटकन मिटतो. क्लोन म्हणजे एकाच जिवाची जनुकीय प्रत, म्हणून तो मूळ जिवाच्याच लिंगाचा असतो. पार्वतीचा क्लोन मुलगी असती आणि आदामाचा क्लोन पुरुष असता. गांधारीच्या मांसपिंडाच्या तुकड्यांतून शंभर कौरव झाले खरे, पण त्यांच्याबरोबर दुःशला ही मुलगीही झाली. श्रद्धेच्या कथेला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र चिकटवण्याचा हा हट्ट मला मनापासून खटकतो, कारण त्यात ना कथेचा मान राहतो ना विज्ञानाचा.

क्लोनिंग म्हणजे काय, हे मानकुराद आंब्याचे कलम लावणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कोय रुजून आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, देठाला चीर देऊन तीत जातिवंत झाडाची काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. खुंट कोणत्याही साध्या आंब्याचा असला, तरी पुढे फळ धरते ते मानकुरादच. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेल्या डॉली मेंढीचेही असेच झाले. एका मेंढीच्या कासेतील पेशीचे केंद्रक, म्हणजे जनुके असलेला पेशीचा गाभा, दुसरीच्या केंद्रक काढून घेतलेल्या बीजांडात घातले आणि तो भ्रूण तिसरीच्या गर्भाशयात वाढवला. यात शून्यातून काहीच निर्माण झाले नाही. पेशी, बीजांड आणि गर्भाशय ही तिन्ही आधीचीच होती. म्हणून बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातील निर्मितीशी क्लोनिंगची बरोबरी होत नाही, आणि कार्य कारणात आधीपासूनच असते असे मानणाऱ्या सांख्य तत्त्वज्ञांना तर यात नवल वाटण्याजोगेही काही नाही. गोव्यात आंब्याची कलमे रुजवण्याचे श्रेय जेझुइट पाद्रींना दिले जाते. चर्चचा आक्षेप निव्वळ प्रत काढण्याला असता, तर तो आंब्यापासूनच सुरू झाला असता.

मग चर्चचा आक्षेप कशाला आहे? इथेच बहुतेकांची गल्लत होते. क्लोनला आत्मा नसेल, असे चर्च म्हणत नाही. कॅथलिक शिकवणुकीनुसार प्रत्येक माणसाचा आत्मा थेट देव निर्माण करतो, तो आईवडिलांकडून येत नाही. म्हणजे क्लोन जन्मलाच, तर तोही पूर्ण माणूस ठरेल. गीतेतला आत्मा तर मुळात जन्मतच नाही, त्यामुळे क्लोनच्या देहातील जीव हा मूळ माणसाच्या जिवाची प्रत ठरत नाही. एकसारखी जुळी भावंडे ही निसर्गाने केलेली क्लोनच आहेत, आणि त्यांच्या माणूसपणाविषयी आपल्याला कधी शंका येत नाही. व्हॅटिकनच्या १९८७ आणि २००८ च्या निवेदनांचा रोख मूल जगात कसे आणले जाते यावर आहे. मूल पतिपत्नींच्या मीलनातून यावे, हा त्यातला एक भाग. तो कॅथलिक नसलेल्यांना पटेलच असे नाही. दुसरा भाग मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाने गंभीरपणे घ्यावा असा आहे : कोणीतरी आधीच जगून दाखवलेला जनुकीय साचा ठरवून एका मुलावर लादण्याचा अधिकार दुसऱ्या माणसाला नाही. दिवंगत मुलाची प्रत म्हणून आणलेल्या मुलाकडे आईवडील जन्मभर कोणत्या नजरेने पाहतील, याचा विचार केला की हा आक्षेप किती खोल आहे ते कळते. माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला, ही श्रद्धा इथे उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे माणूस कोणाच्याही हातचे साधन ठरत नाही. पण श्रद्धा नसलेला माणूसही याच निष्कर्षाला पोहोचू शकतो. शिवाय २७७ प्रयत्नांतून एकच डॉली जन्मली, आणि तेवढी जोखीम माणसाच्या बाळावर घेणे कोणत्याही धर्माचा आधार न घेताही अक्षम्य आहे.

उपचारांसाठीचे क्लोनिंग लोकांना सौम्य वाटते, कारण त्यात मूल जन्माला येत नाही, फक्त भ्रूणातून मूळपेशी, म्हणजे शरीरातील निरनिराळ्या पेशी ज्यांपासून घडू शकतात अशा पेशी, मिळवल्या जातात. चर्च मात्र तेच अधिक गंभीर मानते, कारण तिथे भ्रूण नष्ट करण्यासाठीच तयार केला जातो. धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्या महापातकांच्या पंक्तीत बसवली असली, तरी हिंदूंना व्हॅटिकनसारखे एक पीठ नाही, आणि काही दिवसांच्या पेशीपुंजाला ते वचन लागू करावे की नाही यावर एकमत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी माणूस जन्माला घालणाऱ्या क्लोनिंगला मनाई केली आहे. ती कायम राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उपचारांच्या बाबतीत वाद घालायचा, तर तो भ्रूणाच्या दर्जाविषयी घालावा आणि त्यासाठी ब्रह्मदेवाला किंवा आदामाला साक्षीला बोलावू नये. त्याच वादात, बीजांडे देण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने आणि सुईची शस्त्रक्रिया सोसणाऱ्या स्त्रीचाही विचार झाला पाहिजे, कारण तिच्या बीजांडांवाचून या दोन्ही प्रकारांतले कोणतेच क्लोनिंग आज होऊ शकत नाही.