साडेसात, साडेपाच की पावणेपाच? कोल्टच्या नळीमागचा इतिहास

कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी (१८७३ चं प्रसिद्ध अमेरिकी रिव्हॉल्व्हर) किंवा तिच्या धर्तीवर बनलेलं आजचं रिव्हॉल्व्हर निवडताना मूठ, रंग, काडतूस या सगळ्यांच्या आधी नळीच्या लांबीचा प्रश्न येतो. ७½, ५½ आणि ४¾ इंच या तीन लांब्या जवळजवळ दीडशे वर्षं टिकून आहेत. काचेच्या कपाटातल्या वस्तूसारखं तिच्याकडे पाहिलं तर निवड केवळ दिसण्याची वाटते. प्रत्यक्षात यातली प्रत्येक लांबी एका ठरावीक गरजेतून आली. हत्यार कुठे अडकवायचं, ते कोण वापरणार आणि गोळी सुटल्यावर उरलेली काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर कशी काढायची, यावर सगळं ठरत गेलं.

सुरुवात कोल्टच्या आधीच्या पिढीपासून करावी लागते. १८४७ चं वॉकर कोल्ट दोन किलोंच्या आसपास भरायचं आणि त्याची नळी ९ इंचांची होती. कमरेला लावण्यासाठी ते बनलंच नव्हतं. खोगिराच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे लटकवलेल्या चामडी म्यानांत अशी जोडी ठेवायची आणि वजन घोड्यानं वाहायचं. १८५१ च्या नेव्ही मॉडेलची नळी साडेसात इंचांची झाली, १८६० च्या आर्मी मॉडेलची ८. ही रिव्हॉल्व्हरं माणसाच्या कमरेवर आली, पण फार आखूड करणं परवडणारं नव्हतं. दारू आणि गोळी सिलिंडरच्या (गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाच्या) पुढच्या तोंडातून भरावी लागे आणि गोळी आत दाबून बसवणारा दांडा नळीखाली असे. तो दांडा आखूड केला की जोर कमी पडतो. म्हणजे लांबी नेमबाजीइतकीच भरण्याच्या पद्धतीनंही ठरवली होती.

धातूची काडतुसं आली तेव्हा हे बंधन सुटलं, पण लगेच नाही. सिलिंडरला आरपार भोकं पाडून मागून काडतूस भरण्याचं पेटंट रोलिन व्हाइटचं होतं आणि त्याचे हक्क स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होते. १८६९ मध्ये ते संपलं आणि हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याला वाट मोकळी झाली. सॅम्युएल कोल्ट १८६२ मध्येच गेला होता. नवं रिव्हॉल्व्हर, म्हणजेच सिंगल अॅक्शन आर्मी, त्याच्यामागे कारखाना सांभाळणाऱ्यांनी, मुख्यतः विल्यम मेसननं, घडवलं. १८७३ मध्ये अमेरिकी लष्करानं ते स्वीकारलं आणि पहिली मागणी ८,००० नगांची दिली. नळी साडेसात इंचांची होती.

घोडदळासाठी ही लांबी समजण्यासारखी आहे. झाकणाच्या होल्स्टरमध्ये (कमरेच्या चामडी म्यानात), मूठ पुढे करून, उजव्या कमरेवर हे हत्यार बसायचं. घोड्यावर मांडी टाकलेल्या शिपायाला लांब नळीची अडचण होत नाही. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरण्याचा उंचवटा) आणि मागची खाच यांच्यातलं अंतर जास्त असलं की नेमातली चूक लवकर नजरेस पडते. शिवाय ती काळ्या दारूची पिढी होती. बाजारातल्या पूर्ण भरलेल्या .४५ कोल्ट काडतुसात अडीच ग्रॅमहून थोडी जास्त काळी दारू आणि सुमारे साडेसोळा ग्रॅमची शिशाची गोळी असे. लांब नळीत वायूला गोळी ढकलायला जास्त वाव मिळतो. वेगातला फरक मात्र लोक समजतात तेवढा मोठा नाही. माझ्या मते लांब नळीचा खरा फायदा डोळ्याला होतो, गोळीला थोडाच. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सातव्या घोडदळाच्या शिपायांच्या कमरेला हीच साडेसात इंची कोल्ट होती.

पावणेपाच इंचांकडे वळलं की गोष्ट यंत्राची होते, आणि मला ती सगळ्यांत आवडते. या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर झुलत नाही. उजवीकडचं छोटं दार उघडायचं, सिलिंडर एकेक घर फिरवायचा आणि स्प्रिंग लावलेल्या दांड्यानं रिकामी पुंगळी मागे ढकलायची. तो दांडा नळीला चिकटलेल्या एका लांबट नळकांड्यात असतो. नळी पावणेपाच इंचांवर आली की तिचं तोंड आणि त्या नळकांड्याचं टोक जवळपास एका रेषेत येतात. त्याहून आखूड करायची तर दांडा लहान करावा लागतो किंवा काढूनच टाकावा लागतो. कोल्टनं दांडा नसलेली तीन-चार इंची रिव्हॉल्व्हरंही बनवली. ती दुकानदाराच्या गल्ल्याखाली किंवा कोटाच्या खिशात ठेवण्यासाठी ठीक होती, पण रिकाम्या पुंगळ्या काडीनं ढकलून काढाव्या लागत. पुंगळ्या नीट निघतील अशी सर्वांत आखूड सोयीची नळी पावणेपाच इंचांची.

याचा उत्तम पुरावा बॅट मास्टरसन या सीमाभागातल्या नामांकित कायदारक्षकाच्या पत्रात आहे. २४ जुलै १८८५ रोजी त्यानं डॉज सिटीतल्या ऑपेरा हाउस सलूनच्या कागदावर कोल्ट कंपनीला लिहिलं. निकेलचा मुलामा दिलेलं .४५ पाठवा, चाप अगदी हलका ठेवा, माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड करा, आणि नळी पुंगळी काढणाऱ्या दांड्याइतकीच असू द्या, असं त्याचं सांगणं होतं. जादा कामाचे जादा पैसे द्यायची तयारीही त्यानं दाखवली. जाड माशी मागण्यामागे अनुभव दिसतो. आखूड नळीवर नेमाचं अंतर कमी होतं, मग निदान माशी तरी पटकन दिसावी. गावात पायी फिरणाऱ्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसाला हीच लांबी सोयीची. बसल्यावर साडेसात इंची नळी खुर्चीला अडते.

साडेपाच इंचांची नळी कारखान्यात आधीपासून बनत होती, पण तिचा लष्करी इतिहास उलट्या दिशेनं घडला. १८९२ मध्ये लष्करानं .३८ चं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं. १८९५ पासून जुनी घोडदळाची कोल्ट कोठारातून काढून, नळ्या साडेपाच इंचांवर आणून पुन्हा वाटायला सुरुवात झाली. हलक्या तोफखान्याला ती मिळाली म्हणून संग्राहक आज त्यांना आर्टिलरी मॉडेल म्हणतात. दुरुस्ती करताना सगळे भाग सुटे करून पुन्हा जुळवले गेले, त्यामुळे चौकट, सिलिंडर, नळी यांवरचे क्रमांक बहुधा जुळत नाहीत. घोडदळाच्या मूळ कोल्टमध्ये न जुळणारे क्रमांक शंकेचं कारण, इथे मात्र तेच अपेक्षित. पुढे फिलिपिन्समधल्या लढायांत .३८ ची गोळी कमी पडते असा अनुभव आला आणि या जुन्या .४५ ना पुन्हा मागणी आली.

मग ‘बंटलाइन’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या १२ इंची कोल्टचं काय? १९३१ मध्ये निघालेल्या वायट अर्प या प्रसिद्ध कायदारक्षकाच्या चरित्रात अशी कथा आली की लेखक नेड बंटलाइननं पाच कायदारक्षकांना लांब नळीची कोल्ट भेट दिली. तिला आधार सापडलेला नाही. कोल्टनं मात्र १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या सुमारास १६ इंची नळीची काही रिव्हॉल्व्हरं खरोखर बनवली होती आणि साडेसातच्या वरच्या प्रत्येक इंचाला एक डॉलर जादा लावला होता. अर्पवरची दूरचित्रवाणी मालिका १९५५ मध्ये सुरू झाली आणि १९५७ मध्ये कंपनीनं १२ इंची नळीचं बंटलाइन स्पेशल बाजारात आणलं.

मधल्या काळात कोल्टचं उत्पादन थांबलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला बंद पडलेलं हे मॉडेल १९५६ मध्ये परतलं, कारण काउबॉयपटांनी मागणी उभी केली होती. रूगर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीनं ती आधीच ओळखली होती. १९५५ च्या त्यांच्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरची नळी ४⅝ इंचांची, म्हणजे पावणेपाचच्या अगदी जवळची. पडद्यावर हत्यार झटकन बाहेर यायला हवं, आणि आखूड नळी होल्स्टरमधून लवकर सुटते.

जुनी पावणेपाच इंची कोल्ट घेणाऱ्यानं एक गोष्ट आवर्जून पाहावी. मोठ्या नळीवर कंपनीचा पत्ता सहसा एका ओळीत असतो, पावणेपाच इंचीवर जागा कमी म्हणून दोन ओळींत. एका ओळीतला पत्ता नळीच्या तोंडाकडे सरकलेला दिसला, तर ती लांब नळी नंतर कुणीतरी कापलेली असण्याची शक्यता मोठी. कोल्टच्या अभिलेखागाराकडून क्रमांकावरून पत्र मागवता येतं आणि नोंद सापडली तर कारखान्यातून निघतानाची लांबी त्यात मिळते. नळी कापलेली असली तरी गोळी सुटेल. मोल मात्र मूळ नळीचंच.