कृत्रिम पाऊस लिटरमागे कितीला पडतो?

ऑगस्ट कोरडा जाऊ लागला की कृत्रिम पावसाची मागणी सुरू होते. पण विमान ढग तयार करत नाही. ढगात पाणी असेल, तरच ते थोडे जास्त खाली आणता येते. त्यासाठी विमानातून ढगात क्षाराचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे बारीक कण सोडतात. यालाच बीजारोपण म्हणतात.

ढगातला पाण्याचा कण 10 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा. म्हणजे एका थेंबासाठी सुमारे दहा लाख ढगकण एकत्र यायला हवेत. त्यासाठी काही कण आधी मोठे व्हावे लागतात, मग ते खाली येताना लहानांना गिळतात. वाहने, कारखाने आणि जाळलेला कचरा यांतून निघणारा बारीक धूर नेमका इथे घोळ करतो. धुराच्या असंख्य कणांवर पाणी जमते, तेवढेच बाष्प जास्त कणांत वाटले जाते आणि सगळेच कण लहान राहतात. ढग भरलेला दिसतो, पण बरसत नाही. हेही बीजारोपणच, फक्त उलट्या दिशेचे आणि कुणी न ठरवलेले.

क्षार वापरतात ते उष्ण ढगांसाठी, म्हणजे ज्यांचे तापमान शून्य अंशाच्या वर असते अशा. क्षाराचे कण धुरापेक्षा मोठे असतात आणि पाणी ओढून लवकर फुगतात. विमानाच्या पंखांवर कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराच्या नळकांड्या असतात. वैमानिक ढगाच्या तळाशी, हवा वर चढते तिथे, त्या पेटवतो. जागा चुकली तर क्षार ढगात शिरतच नाही. सिल्व्हर आयोडाइडचे काम वेगळे. त्याच्या स्फटिकाची रचना बर्फासारखी असते, म्हणून गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले पाणी त्यावर गोठते. मात्र त्याला उणे 5 अंश किंवा त्याहून थंड हवा लागते. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळीच पाच किलोमीटरच्या वर असते, म्हणजे ढगही तेवढा उंच हवा. शिवाय असा ढग फार वेळ टिकत नाही. रडारवर दिसल्यावर उड्डाण केले, तर विमान पोहोचेपर्यंत तो विरलेला असू शकतो.

28 ऑक्टोबर 2025 रोजी आयआयटी कानपूरच्या चमूने दिल्लीवर हा प्रयोग केला. उद्देश होता पावसाने धुरके धुऊन काढण्याचा. ढगांतली आर्द्रता जेमतेम 15 टक्क्यांच्या आसपास होती आणि नाव घेण्याजोगा पाऊस झाला नाही. धूर गाड्यांचा, धूळ बांधकामांची आणि उपाय विमानाचा, हे गणित मुळातच विचित्र आहे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरात 2018 आणि 2019 मध्ये केलेला अभ्यास जास्त विश्वासार्ह आहे. निवडलेल्या 276 ढगांपैकी कशात बीज पेरायचे हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरवले होते. बीज न पेरलेल्या ढगांशी अशी तुलना केली नाही, तर एरवी जो पाऊस पडणारच होता, त्याचेही श्रेय विमान घेऊन जाते. बीजारोपणाच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेला 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस आढळला. खर्च निघाला लिटरमागे सुमारे 18 पैसे. देशी विमान वापरल्यास तो निम्म्याहून खाली येईल, असा अंदाज आहे.

हा दर उसाला लावून पाहू. हेक्टरी 2000 मिलिमीटर पाणी धरले तर ते होते 2 कोटी लिटर. उत्पादन 100 टन आणि उतारा (उसातून निघणारी साखर) 10 टक्के धरला तर साखर 10 टन. एका किलोला 2000 लिटर, म्हणजे 18 पैशांनी 360 रुपयांचे पाणी. दर निम्मा झाला तरी 180. ऊस काही निव्वळ ढगाच्या पाण्यावर वाढत नाही, पण ज्या जिल्ह्यात हा प्रयोग झाला तिथेच साखर कारखान्यांची दाटी आहे. जिरायती तुरीला किंवा बाजरीला पावसाच्या खंडात दहा-पंधरा मिलिमीटर मिळाले तर पीक वाचते. बीजारोपणाचा खरा उपयोग असलाच तर तिथे आहे.

2019 मध्ये राज्याने कृत्रिम पावसासाठी 30 कोटी रुपये मंजूर केले होते. सोलापूरच्या दराने त्यात सुमारे 167 कोटी लिटर पाणी येते, म्हणजे 0.06 टीएमसी (अब्ज घनफूट). पाटाने भिजणाऱ्या उसाला तेवढे पाणी 83 हेक्टरपुरते होते. ठिबकने उसाचे 30 ते 40 टक्के पाणी वाचते. 40 टक्के धरले, तर एवढेच पाणी सुमारे 210 हेक्टर उसावर ठिबक बसवून एका हंगामात मिळते, आणि पुढच्या हंगामात पुन्हा.