श्रोते (प्रारंभिक ख्रिस्ती धर्मशिक्षणातील)

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत ‘श्रोता’ हा एक ठरलेला दर्जा होता. बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या जलविधीची, इच्छा असलेले, पण अजून तो न मिळालेले लोक या वर्गात मोडत. रोममधील धर्मशास्त्रज्ञ हिप्पोलिटस याच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात तीन वर्षे वचन ऐकण्याचा नियम आहे; आचरण चांगले असल्यास मुदत कमी होई. प्रवेशाआधी पोटापाण्याची चौकशी होत असे. ग्लॅडिएटर (आखाड्यात लढणारा योद्धा) किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याला धंदा सोडावा लागे. प्रवचनानंतर प्रभुभोजनाचा (पवित्र भाकर व द्राक्षारसाचा) विधी सुरू होण्याआधी श्रोत्यांना बाहेर पाठवत. श्रोत्यांत बसवणे ही शिक्षाही होती: छळाच्या काळात जबरदस्ती नसताना श्रद्धा सोडलेल्या बाप्तिस्मित लोकांना निकेया येथील बिशपांच्या परिषदेने (३२५) प्रायश्चित्ताची पहिली तीन वर्षे याच वर्गात ठेवले.

हे नियम वाचले की श्रोता तळाशी दिसतो. शिकवण्याची वर्णने पाहिली की मात्र बोलणाऱ्याचा लगाम बराचसा त्याच्याच हाती असल्याचे कळते. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनला (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरील सेवकाला) आपलेच बोलणे कंटाळवाणे वाटू लागले, तेव्हा बिशप ऑगस्टीनने सुमारे ४०० मध्ये त्याच्यासाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातला सल्ला अगदी व्यवहारी आहे. समोरचा शिकलेला की अडाणी, शहरी की खेडवळ, हे आधी पाहा. समजले का, ते विचारा. जांभया देऊ लागला, तर काही गमतीचे किंवा नवलाचे सांगून त्याला जागे करा. उभा राहून थकला असेल, तर बसायला द्या. उत्तर आफ्रिकेत लोक उभ्यानेच ऐकत, हे लक्षात घेतले तर ही सूट लहान नाही.

जेरुसलेममध्ये प्रश्न भाषेचा होता. इ. स. ३८० च्या दशकात तेथे गेलेली यात्रेकरू एजेरिया सांगते, की बिशप ग्रीकमध्येच बोले आणि शेजारी उभा असलेला धर्मगुरू ते सिरियाक या स्थानिक भाषेत सांगे. लॅटिन भाषकांना ग्रीक आणि लॅटिन दोन्ही येणारे बंधुभगिनी समजावून देत. पुनरुत्थान सणाच्या (ईस्टरच्या) आठवड्यातील प्रवचनांना मिळणारी दाद चर्चबाहेरही ऐकू जाई.

दाद सर्वांना रुचत नसे. टाळ्यांसाठी बोलणारा उपदेशक बिघडतो, असे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप जॉन क्रिसोस्टोम बजावत असे. टाळ्यांवर बंदी घालण्याचा विचार त्याने प्रवचनातच मांडला, आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाला, तसा हा वर्ग ओसरला. रोमन कॅथलिक चर्चने १९७२ मध्ये प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याचा दीक्षाविधी पुन्हा लागू केला.