हिमोफिलिया, मेंदू आणि शाळेचा हजेरीपट

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार; त्यात सांध्यांत रक्तस्राव होतो. असा आजार असलेल्या मुलाच्या घरात पहिली काही वर्षे सुजलेल्या गुडघ्याची आणि घोट्याची काळजी करण्यात जातात. मूल शाळेत जाऊ लागले आणि अभ्यासात अडखळू लागले, की या आजाराचा मेंदूवरही परिणाम होतो का, अशी शंका आईवडिलांना येते. फॅक्टर ८ किंवा फॅक्टर ९ हे रक्त गोठवणारे प्रथिन कमी असल्यामुळे बुद्धी मंद होत नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे.

अमेरिकेत १९८९ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हिमोफिलिया असलेल्या, ६ ते १९ वर्षे वयाच्या ३३३ मुलांची काही वर्षे नियमित तपासणी करण्यात आली. त्यांपैकी अनेकांना त्या काळी रक्तदात्यांच्या रक्तापासून बनवून औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या फॅक्टरमधून एचआयव्हीचा संसर्ग झालेला होता, म्हणून संसर्ग नसलेल्या मुलांचे निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. त्यांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण मुलांसारखीच आढळली. शाळेतील प्रगती मात्र त्या बुद्धिमत्तेच्या मानाने कमी होती. हे अंतर कशामुळे पडते, तेच शोधायचे आहे.

सर्वांत गंभीर कारण म्हणजे कवटीच्या आत होणारा रक्तस्राव. हिमोफिलिया असलेल्या दर १०० नवजात बालकांपैकी साधारण ३ ते ४ जणांना जन्माच्या सुमारास असा रक्तस्राव होतो आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून केलेल्या प्रसूतीत त्याचा धोका वाढतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात हा आजार पूर्वी कोणालाच नसतो, त्यामुळे काही बाळांच्या बाबतीत रक्तस्राव हेच आजाराचे पहिले चिन्ह ठरते. साचलेल्या रक्ताच्या दाबाने मेंदूच्या पेशींना इजा झाली, तर पुढे फिट येणे, शरीराची एक बाजू दुबळी पडणे, बोलणे उशिरा येणे किंवा लक्ष न टिकणे असे परिणाम राहू शकतात. डोक्याला जोराचा मार लागल्यावर आधी फॅक्टर द्यावा आणि मग सीटी स्कॅन करावा, हा नियम याचसाठी आहे. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, तान्ह्या बाळाची फुगलेली टाळू ही लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही दिसतात. तोवर वाट पाहणे परवडणारे नाही.

बहुसंख्य मुलांच्या मेंदूत असा रक्तस्राव कधीच होत नाही, तरीही त्यांच्यातली काही मागे पडतात. सोलापूरच्या पूर्व भागात वडील यंत्रमागावर आणि आई घरी विड्या वळणारी, अशा कुटुंबातल्या मुलाच्या घोट्यात रक्त उतरले, तर दवाखान्यात जाण्यासाठी कोणाची तरी मजुरी बुडते. उपचार लांबला की सूज वाढते, रात्रीची झोप उडते आणि शाळा आठवडाभर सुटते. दुखणाऱ्या सांध्यासह वर्गात बसलेल्या मुलाची कार्यस्मृती, म्हणजे आकडे किंवा सूचना क्षणभर मनात धरून ठेवण्याची क्षमता, वेदनेतच खर्च होते. गणितात हे लवकर जाणवते, कारण बुडालेल्या भागाकारावरच पुढचे अपूर्णांक उभे असतात. शिवाय पडण्याच्या भीतीने मुलाला सतत बसवून ठेवले, तर तोल आणि हालचालींतील सुसूत्रता यांचा सरावही कमी होतो. ही भीती मला पूर्ण समजते, पण शारीरिक शिक्षणाच्या प्रत्येक तासाला मूल कोपऱ्यात बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पोहणे आणि चालणे बहुतेक मुलांना जमते.

रक्तस्राव होण्याआधीच नियमित फॅक्टर देण्याची पद्धत म्हणूनच शिक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात कमी रक्तस्राव झालेल्या मुलांची गणितातली प्रगती अधिक चांगली दिसली. हिमोफिलिया ‘ए’साठीचे, म्हणजे फॅक्टर ८ कमी असलेल्या प्रकारासाठीचे, एमिसिझुमॅब हे औषध त्वचेखाली, आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा देता येते, त्यामुळे फॅक्टर टोचण्यासाठी लहान मुलाची शीर वारंवार शोधावी लागत नाही.

सांध्यांच्या रक्तस्रावाची वही बहुतेक घरांत ठेवलेली असते. त्याच वहीत बुडालेले शाळेचे दिवस, दुखण्याने जागून काढलेल्या रात्री आणि शिक्षकांनी कळवलेल्या अडचणी लिहाव्यात व तपासणीच्या वेळी ते पान डॉक्टरांसमोर ठेवावे. उपचार वाढवायचा की मुलाची मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यायची, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.